दोन सूत आणि सहा मिलिमीटर

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे खाली येतात. त्यांत एक डबा हमखास नट-बोल्टांचा असतो. गृहिणी म्हणते, "मोडीत घाला." घरधनी म्हणतो, "राहू दे, कधी तरी उपयोगी पडतील." आम्हांला विचाराल, तर दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे.

घरात वडिलांच्या वेळची बुलेट असेल, तर हे विशेष ध्यानात घ्या. १९५५ साली मद्रासला बुलेट जुळू लागली ती इंग्लंडमधल्या आराखड्यावर. म्हणून तिचे आटे इंची. १९६१ पासून म्हैसूरला जावा होऊ लागली. तिचे माहेर चेकोस्लोव्हाकिया. म्हणून तिचे आटे मिलिमीटरचे. मधल्या काळात, १९५६ साली, आपल्याकडे दशमान मापांचा कायदा झाला आणि बाजार हळूहळू शेर-मण विसरला. पण लोखंड कायदा वाचत नाही. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या रुळांमधले अंतर आज कागदावर १६७६ मिलिमीटर आहे. हा आडनिडा आकडा आला कुठून? मूळ माप साडेपाच फुटांचे, म्हणून!

जुन्या बुलेटचेही तसेच. अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची, जुन्या इंग्रजी बोल्टचे डोके सुमारे १३.३ मिलिमीटर रुंद असते. तेराचा पाना त्यावर बसत नाही. चौदाचा बसतो, पण सैल. जोर लावला की कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. एवढ्यावर निभावले, तर नशीब म्हणायचे.

खरा दगा दोन सुती बोल्टचा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बुलेटमधल्या अशा बोल्टला इंचात २६ आटे. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टला २५.४. फरक नजरेला दिसत नाही. त्यामुळे पाव इंची भोकात सहाचा बोल्ट गुळगुळीत आत जातो, आणि आपण म्हणतो, "बसला!" प्रत्यक्षात त्याने आट्यांची नुसती कड धरलेली असते. घट्ट आवळताना, नाही तर खड्ड्यातल्या हादऱ्याने, ते आटे जातात. झाकणावरचा बोल्ट असला तर तेल गळेल. ब्रेकचा असला तर?

यावर उपाय साधा आहे. बोल्टची जाडी कॅलिपरने मोजा. आटे पिच गेजने ताडून पाहा. बोल्ट बोटांनी फिरवताना डगडगला, तर तो त्या भोकाचा नव्हे. दोन मापांचे बोल्ट दोन डब्यांत ठेवा आणि वर चिठ्ठी लावा. नव्या बुलेट मिलिमीटरच्या आहेत. मात्र जुन्या गाडीत मागच्या दुरुस्त्यांमुळे दोन्ही जाती सापडू शकतात, म्हणून प्रत्येक बोल्ट वेगळा तपासावा.

भाऊबीजेला शिरूरचा भाऊ बायकोमुलांना घेऊन दौंडला बहिणीकडे निघतो, तेव्हा ती सगळी माणसे त्या चार-सहा बोल्टांच्या भरवशावर बसलेली असतात. तिथे 'जवळपास बसला' चालत नाही.