सभागृह परतले, सत्ता अद्याप परतलेली नाही

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे देशातील या सर्वांत श्रीमंत महानगरपालिकेचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या एका सनदी अधिकाऱ्याच्या सहीने चालला. आयुक्त तोच आणि प्रशासकही तोच. प्रस्ताव मांडणारा तोच आणि त्याला मंजुरी देणाराही तोच. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाही लोकप्रतिनिधीचे मत न घेता संमत झाला. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेची चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती स्पष्ट शब्दांत सांगते. ते शब्द कागदावरच राहिले.

या विलंबाचे कारण म्हणून इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद पुढे केला गेला. मागासवर्गीयांना सत्तेत वाटा मिळालाच पाहिजे, ही डॉ. लोहियांपासून चालत आलेली आमची भूमिका आहे आणि तीत तडजोड नाही. परंतु त्याच काळात प्रभागांची संख्या एका सरकारने २२७ वरून २३६ केली आणि दुसऱ्याने ती पुन्हा २२७ वर आणली, हे विसरता येणार नाही. सोयीची रचना हाती येईपर्यंत निवडणूक लांबलेली सत्ताधाऱ्यांना खुपत नव्हती, असाच याचा अर्थ होतो. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्या हक्कासाठी लोकांनी रस्त्यावर उतरावयाचे, तो न्यायालयाने मिळवून द्यावा, ही गोष्ट लोकशाहीवाद्यांना भूषणावह नाही.

हा हक्क सर्वांत अधिक कोणाचा बुडाला, याचे उत्तर सभागृहाच्या रचनेतच सापडते. २०१७ च्या प्रभागरचनेनुसार २२७ जागांपैकी शहरात ५६, पश्चिम उपनगरांत १०२ आणि पूर्व उपनगरांत ६९ जागा आहेत. म्हणजे चारांपैकी तीन नगरसेवक उपनगरांतून येतात. १९५० साली आणि पुढे १९५७ साली मुंबईची हद्द वाढत वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली, तेव्हा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही शहराची शेपटे मानली जात. आज शहराचे धड तेथे आहे. मात्र निर्णयाचे मस्तक अजूनही फोर्टमध्येच आहे.

सभागृह नसण्याची किंमत काय असते, हे या उपनगरांनी अनुभवले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरात भलामोठा जाहिरात फलक कोसळला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. जमीन लोहमार्ग पोलिसांची, आमची परवानगीच नव्हती, असे महापालिकेने सांगितले. अंधेरीचा गोखले पूल नव्याने बांधला गेला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी त्याची पातळीच जुळत नव्हती. नगरसेवक असते तर हे घडलेच नसते, असा आमचा दावा नाही. नगरसेवक होते तेव्हाही मुंबईत पूल पडले आणि इमारती कोसळल्या. परंतु तेव्हा आयुक्ताला उभे करून जाब विचारण्याची एक जागा होती. या दोन्ही वेळी ती जागाच रिकामी होती.

त्या जागेचे सामर्थ्य काय, हे समाजवादी चळवळीला कोणी शिकवावयास नको. १९६१ साली गोरेगावातून मृणाल गोरे निवडून आल्या, त्या नळाच्या पाण्याच्या प्रश्नावर. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनी दिले. त्याच सभागृहात जॉर्ज फर्नांडिस होते आणि साम्यवादी पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर होत्या. तेव्हाही कार्यकारी सत्ता १८८८ च्या कायद्याप्रमाणे सरकारनियुक्त आयुक्ताच्याच हाती होती. या मंडळींजवळ होता तो केवळ प्रश्न विचारण्याचा अधिकार. पण त्या प्रश्नामागे हंडे घेतलेल्या बायांचा मोर्चा उभा असे, आणि म्हणून आयुक्ताला उत्तर द्यावे लागे.

पुढे हा क्रम उलटा झाला. मोर्चा मागे पडला आणि नगरसेवक हा कंत्राट, गटार आणि लादीकाम यांचा मध्यस्थ बनला. म्हणूनच तो चार वर्षे नाहीसा झाला तरी भांडुपच्या टेकडीवरच्या किंवा मालवणीच्या गल्लीतल्या माणसाला फारसे काही हरवल्यासारखे वाटले नाही. जानेवारीच्या मतदानात जवळजवळ निम्मे मतदार केंद्राकडे फिरकले नाहीत, याचे मूळ येथेच आहे. त्या निवडणुकीत भारतीय जनता पक्ष ८९ जागांसह सर्वांत मोठा पक्ष ठरला. परंतु कोणाच्या किती जागा, एवढ्यावर चर्चा थांबविणारे मूळ दुखणे पाहतच नाहीत.

मूळ दुखणे असे की सभागृह परतले, सत्ता परतली नाही. आयुक्त सरकारने नेमावयाचा, महापौराने शोभेचे पद भूषवावयाचे आणि शहराच्या रचनेचे मोठे निर्णय महानगर प्रदेश विकास प्राधिकरणासारख्या, लोकांनी न निवडलेल्या संस्थांनी घ्यावयाचे, ही व्यवस्था तशीच आहे. कोलकात्यात १९८० च्या कायद्याने महापौर-परिषदेकडे कार्यकारी अधिकार गेले. मुंबईत असा प्रयोग १९९८ साली झाला आणि वर्षभरातच गुंडाळला गेला. तळाशी तर याहून अंधार आहे. एका नगरसेवकामागे २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ५५ हजार लोकसंख्या येते. प्रभाग समित्यांत प्रामुख्याने नगरसेवकच बसतात. क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. पण आपल्या वस्तीची क्षेत्रसभा भरलेली पाहिली, असे सांगणारा मुंबईकर शोधूनही सापडणे कठीण.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे आणि प्रशासकाच्या कारकिर्दीस सहा महिन्यांची अनुल्लंघनीय मर्यादा असली पाहिजे. कार्यकारी सत्ता सभागृहाला जबाबदार असलेल्या महापौर-परिषदेकडे गेली पाहिजे. आणि प्रत्येक मतदान केंद्राच्या परिसरात क्षेत्रसभा भरून वस्तीच्या कामांचा अग्रक्रम व हिशेब तेथे मांडला गेला पाहिजे.

यांपैकी पहिल्या दोन मागण्या विधानसभेच्या हातातील आहेत. तिसरीसाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. झोपडी अनधिकृत असली तरी माणसाला पाणी नाकारता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला, तो पाणी हक्क समितीच्या लढ्यामुळे. एकही जागा न जिंकता हे साधले. आपल्याजवळ आज सभागृहात बळ नसेल. परंतु ज्या वस्तीत आपला एक कार्यकर्ता आहे, तेथे चाळीस माणसांची सभा भरविता येते, नळाच्या वेळांची नोंद ठेवता येते आणि प्रभाग कार्यालयात लेखी उत्तर मागता येते. सरकारने क्षेत्रसभा बोलाविली नाही, तर ती लोकांनी बोलवावी. पुढील निवडणुकीची तयारी तेथूनच सुरू होते, आणि ती निवडणूक वेळेवर घ्यावयास भाग पाडणारी शक्तीही तेथेच जन्म घेईल.