पाणी भरल्यावर पाच वर्षं मोजा

घर पूर्ण कधी झालं, याचं कायद्याच्या दृष्टीने उत्तर सोपं आहे. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र हाती आलं की इमारत पूर्ण. चाव्या घ्या, दूध उतू घाला, राहायला या. पण ज्या घरासोबत स्विमिंग पूलही विकला गेला, त्या घरालाही हाच हिशेब लावायचा का? ठाण्यातल्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी सुरू झालं आणि त्याचा पहिला पाय याच वसाहतीत पडला. ज्या ठाण्यात नोकरी म्हणजे कारखान्याचा भोंगा होता, त्या ठाण्यात पोखरण रस्त्यावर रेमंडच्या जमिनीवर आणि कोलशेतला बायर-क्लॅरिअंटच्या जमिनींवर आता टॉवर आहेत. नितीन कंपनी हा थांबा आहे, कंपनी नाही. आणि तीन हात नाक्यापासून घोडबंदरपर्यंतच्या होर्डिंगांवर सर्वात ठळक काय दिसतं, तर निळं पाणी. एरवी ठाणं हे तलावांचंच शहर. खुद्द वागळे इस्टेटीत रायलादेवी तलाव आहे. होर्डिंगवर मात्र तो कधी दिसत नाही.

या निळ्या पाण्याबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की, त्याची विक्री चित्र म्हणून होते आणि ते गळ्यात पडतं बांधकाम म्हणून. या दोन गोष्टींमधलं अंतर खरेदीदाराला कुणी समजावून सांगत नाही. मध्यम आकाराचा पोडियमवरचा पूल घ्या: २० मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. त्यात १४४ घनमीटर, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर पाणी मावतं आणि त्याचं वजन १४४ टन भरतं. दर चौरस मीटरवर १.२ टन. राहत्या खोलीच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांचा भार धरताना आपल्याकडची भारतीय मानकं चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. म्हणजे आपल्या दिवाणखान्याच्या जमिनीवर जेवढं ओझं गृहीत धरलेलं असतं, त्याच्या सहापट ओझं गाड्यांच्या पार्किंगच्या डोक्यावर अष्टौप्रहर उभं असतं. म्हणूनच पाणी साठवणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामासाठी आयएस ३३७० हे वेगळं मानक आहे. त्यात तडा किती रुंद चालेल याची मर्यादा नेहमीच्या इमारतीपेक्षा कडक असते. भिंतीत केसाएवढी भेग पडली तर आपण लांबी भरून रंग मारतो. तशीच भेग पूलच्या तळाला पडली की क्लोरीन मिसळलेलं पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटची ढलपी सुटते. यातलं काहीही रंगकाम आणि लाद्या बघून कळत नाही. वॉटरप्रूफिंग करणारे ठेकेदार कोबा टाकल्यावर पाणी तुंबवून बघतात, ते याच कारणासाठी. पूलचा कसही कोरडेपणी लागत नाही. पाणी भरून, उन्हाळा आणि पावसाळा जाऊ द्यावा लागतो.

आता बांधकामाचा क्रम बघा. मोठ्या प्रकल्पात पोडियम, क्लब हाऊस आणि पूल ही कामं बहुधा शेवटी होतात, कारण त्या जागेत तोवर क्रेन, सळया आणि मजुरांच्या झोपड्या असतात. यात लबाडीच असते असं नाही, सोयही असते. पण पहिल्या टॉवरला पार्ट ओसी, म्हणजे त्या भागापुरतं भोगवटा प्रमाणपत्र मिळतं, लोक राहायला येतात आणि पूल मात्र तिसऱ्या टॉवरच्या टप्प्यात अडकलेला असतो. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांत लक्षात आला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ताबा दिल्यापासून, हे शब्द लक्षात घ्या. फ्लॅटचा ताबा आज मिळाला आणि पूलमध्ये पाणी अडीच वर्षांनी पडलं, तर पहिल्या टॉवरच्या रहिवाशांसाठी त्या पूलच्या हमीची अर्धी मुदत पूल कोरडा असतानाच संपलेली असते. ज्या वस्तूचा दोष वापरल्याशिवाय दिसतच नाही, तिची हमी वापर सुरू होण्याआधीच संपत चालली आहे. साधा मिक्सर घेतला तरी दुकानदार विक्रीच्या दिवसाचा शिक्का मारून देतो.

पैशांचं वेळापत्रकही याच दिशेने झुकलेलं आहे. महाराष्ट्राच्या नमुना करारानुसार जोत्यापर्यंत ४५ टक्के, सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत ७० टक्के आणि लिफ्ट, पंप, प्रवेशद्वार, फरसबंदी होईपर्यंत ९५ टक्के रक्कम गेलेली असते. ताबा घेताना खरेदीदाराच्या हातात उरतात पाच टक्के. स्वतःचं बंगलेवजा घर बांधणारा माणूस, मग तो थायलंडमधल्या फुकेटला बांधो की मुरबाडला, ठेकेदाराला म्हणू शकतो: पूल भरा, महिनाभर पातळी बघू, मग शेवटचा हप्ता. तिथे मालक एक, ठेकेदार एक, आणि पाण्याची पातळी दोघांनाही दिसते. टॉवरमध्ये पूलचा मालक कोण, हेच ताबा घेताना ठरलेलं नसतं. प्रत्येक इमारतीची सोसायटी वेगळी, आणि सामाईक जागा शेवटच्या इमारतीनंतर फेडरेशनकडे जायची. मधल्या काळात पूल सगळ्यांचा असतो, म्हणजे विचारायला कुणीच नसतं. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन घेता येत नाही, जास्तीत जास्त ३० वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यावर व्हिला उभा करावा लागतो, हे ऐकून आपण नाक मुरडतो. पण वागळे इस्टेटीतले महामंडळाचे भूखंडही ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचेच आहेत, आणि खासगी जमिनीवरच्या कित्येक सोसायट्यांची अभिहस्तांतरणं वर्षानुवर्षं रखडलेली आहेत. घर आपलं आणि जमीन दुसऱ्याची, ही स्थिती ठाणेकरांना सांगायला फुकेट लागत नाही.

आता पूलविरुद्धचा सर्वात लोकप्रिय आक्षेप: पाणी. इथे आकडे मांडले की आक्षेप घेणाऱ्यांची थोडी निराशा होते. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला साधारण सहा मिलिमीटर उतरते असं धरू. १२० चौरस मीटरच्या पूलमधून ७२० लिटर गेले. २०० फ्लॅटच्या संकुलात, घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर या शहरी निकषाने, रोजचा वापर १ लाख ८ हजार लिटर होतो. म्हणजे बाष्पीभवनाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. फ्लॅटमागे साडेतीन लिटरच्या आसपास, फ्लशच्या एका ओढीपेक्षाही कमी. वाळूचा फिल्टर उलटा धुताना, ज्याला बॅकवॉश म्हणतात, आणखी पाणी जातं; ते धरलं तरी संकुलातल्या गळक्या फ्लश टाक्या पूलला सहज हरवतील. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाण्याच्या प्रश्नावरून घोडबंदर भागातल्या नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ लगाम घातला, तो घरांची संख्या आणि पाणीपुरवठा यांचा मेळ बसत नव्हता म्हणून, पूलमुळे नव्हे. ठाणे महापालिकेचं स्वतःचं धरण नाही आणि काळू व शाई धरणांच्या फायली वर्षानुवर्षं फिरत आहेत, याचं उत्तर पूल बुजवून मिळणार नाही.

मात्र हाच हिशेब शहापूर-मुरबाडच्या रस्त्याला लागला की उलटतो. ठाणे-डोंबिवलीतली अनेक कुटुंबं तिकडे सेकंड होम बांधतात आणि शनिवार-रविवार भाड्याने देताना खासगी पूलचीच जाहिरात करतात. आठ बाय चार मीटरचा, १.४ मीटर खोल पूल भरायला जवळपास ४५ हजार लिटर पाणी लागतं, आणि त्यातून उन्हाळ्यात रोज १९० लिटरच्या वर उडून जातं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाचा निकष रोज ५५ लिटर. म्हणजे एका कुटुंबाच्या आठवड्यातल्या दोन दिवसांच्या पोहण्यासाठी साडेतीन माणसांचं पाणी रोज हवेत जातं. आणि तेही शहापूर तालुक्यात, जिथून भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी मुंबई-ठाण्याला जातं आणि जिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. दर चौरस मीटरला पाणी तेवढंच उडतं, पण टॉवरमध्ये ते आठशे माणसांत वाटलं जातं आणि इथे चौघांत. म्हणून पूल ही चैन की सोय, याचं सरसकट उत्तर देणारे मला फारसे पटत नाहीत.

टॉवरच्या पूलमध्ये खरी गळती पैशांची असते. तीन अश्वशक्तीची मोटर दिवसाला बारा तास चालली तर महिन्याला सुमारे ८०० युनिट वीज. त्यावर क्लोरीन, आम्ल, जीवरक्षकाचा पगार आणि काही वर्षांनी फिल्टरची वाळू व लाद्यांच्या सांध्यांचं काम. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीनुसार पाणीपट्टी नळांच्या संख्येवर बसते, पण सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान. वन बीएचकेवाल्या निवृत्त जोडप्याने आणि वरच्या मजल्यावरच्या चार खोल्यांच्या कुटुंबाने पूलसाठी सारखेच पैसे मोजायचे. देखभाल खर्च दरमहा ७,५०० रुपयांच्या वर गेला की मोठ्या सोसायट्यांच्या सभासदांना त्यावर जीएसटीही लागतो. मग वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘पूल काही महिने बंद ठेवू’ असा ठराव येतो. बंद पूल म्हणजे डासांची पैदास आणि सुकून तडकणारे सांधे. पुन्हा सुरू करायचा खर्च बघून कुणी परत विषय काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, लोकांना पूल हवाच असतो, म्हणून तर विकला जातो. मान्य. ठाण्यात महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलात पूल आहे. पण दोन्ही शहरांच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या नगण्य. मुलाला पोहायला यावं असं वाटणाऱ्या आईबापांनी संकुलातला पूल बघून फ्लॅट पसंत केला, तर त्यात हौसेपेक्षा गरजच जास्त आहे. त्यांना पूल मिळावा, आणि तो चालावा. मला चिंता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची: पूल असणं आणि पूल चालणं यांत फरक आहे, हे करारात कुठेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप वकिली थाटाचा आहे: कायदा आहे की. आहे. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, सुविधांचा तपशील, त्यांचा आकार आणि त्या कधी सुपूर्द होणार याची तारीख विक्री करारासोबतच्या परिशिष्टात देणं बंधनकारक केलं, आणि हे पाऊल मोठंच आहे. त्याआधी ‘आलिशान स्विमिंग पूल’ एवढ्या तीन शब्दांवर विक्री होत असे. पण तारीख म्हणजे काय सुपूर्द करण्याची तारीख? लाद्या लागलेला कोरडा खड्डा फीत कापून दिला तरी तारीख पाळली गेली. आणि नोंदणी असणं म्हणजे सगळं तपासलेलं असणं, हा भ्रम तर डोंबिवलीने मोडलाच आहे. तिथल्या ६५ इमारतींनी बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळवली होती; नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि संकटात सापडली ती त्यात राहणारी कुटुंबं. जिथे मूळ परवानगीच कुणी पडताळली नाही, तिथे पूलची पातळी राखणारा बॅलन्सिंग टँक कुणी उघडून बघेल, ही आशा जरा जास्तच.

विकासकांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतील, पूलच्या चाचणीसाठी ताबा रोखला तर खरेदीदार भाडं आणि हप्ता असे दोन्ही भरत बसेल. बरोबर आहे, म्हणून ताबा रोखायची गरज नाही. घराचा ताबा वेळेवर द्या. पूलची हमी तेवढी घराच्या ताब्यापासून सोडवा. शेवटच्या पाच टक्क्यांतला छोटा भाग, समजा अर्धा टक्का, वेगळ्या खात्यात राहू द्या आणि पूलमध्ये पाणी राहून एक उन्हाळा व एक पावसाळा गेल्यावर, स्वतंत्र अभियंत्याचा शेरा बघून तो सोडा. यामुळे किंमत वाढेल, असंही म्हटलं जाईल. थोडी वाढेलच; चांगल्या वॉटरप्रूफिंगचा खर्च कुणीतरी करायचाच असतो, आणि तो पार्किंगच्या छतातून थेंब पडायच्या आधी केलेला स्वस्त पडतो. काही विकासक तर हिशेब बघून पूलच नको म्हणतील. त्या जागी झाडं लावली तर मला तरी वाईट वाटणार नाही.

महारेराच्या त्या परिशिष्टात आज सुविधेचं नाव, आकार आणि तारीख एवढ्यासाठी जागा आहे. पूलच्या ओळीपुढे आणखी तीन रकाने सहज बसतील: भरायचं पाणी महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं; चालवायचा अंदाजे मासिक खर्च फ्लॅटमागे किती; आणि पहिल्यांदा पूर्ण भरला तो दिवस, ज्या दिवसापासून कलम १४ ची पाच वर्षं मोजली जातील.