बाजारात अडवणारे आणि वाट बदलणारे

गेल्या आगमनकाळातील एका संध्याकाळी गव्हाणीसाठी दिव्यांची माळ आणावी म्हणून आम्ही वसई रोड स्थानकाजवळच्या बाजारात गेलो होतो. अंगात झगा नव्हता, साधा सदरा होता. जिन्याच्या पायथ्याशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुणी आजारी बालकांची छायाचित्रे दाखवून मदत मागत होती. चार पावलांवर एक गृहस्थ छोट्या ध्वनिक्षेपकावरून पश्चात्तापाचे आवाहन करीत पत्रके वाटत होते. आम्ही काय केले? मोबाइल कानाला लावला, बोलत असल्याचा आव आणला आणि दोघांनाही चुकवून निसटलो. दयाळू शोमरोनीच्या दृष्टांतातील याजकही असाच बाजूने निघून गेला होता. त्याने निदान सोंग तरी घेतले नव्हते. इतरांवर लेखणी चालवण्यापूर्वी ही कबुली देणे आम्हांस भाग आहे.

आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांत हा विषय निघाला की तीन उत्तरे ठरलेली असतात. ‘हे सगळे कमिशनवाले!’ ‘आम्ही देवळात देतो.’ ‘रस्त्यावर ओरडणे हा काय धर्म झाला?’ वाचकहो, ही उत्तरे एकदा तपासून पाहू या.

पैसे गोळा करणाऱ्यांना पुष्कळदा वेतन मिळते व ठरलेला आकडा गाठावा लागतो, हे खरे. परंतु वेतन घेणे म्हणजे लबाडी नव्हे. लबाडही असतात, हेही खरे. त्यावर उपाय पळून जाणे हा नसून विचारणे हा आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी १९५० च्या कायद्यान्वये धर्मादाय आयुक्तांकडे होते. नोंदणी क्रमांक विचारावा, संस्थेच्या नावाची पावती मागावी आणि क्यूआर कोडवर पैसे पाठवताना खाते संस्थेचे आहे की व्यक्तीचे, हे पाहावे. समाधान झाले नाही, तर नम्रपणे नकार द्यावा. दोन मिनिटांचे काम! ज्याला एवढीही तसदी नको, त्याला लबाडीची चीड नसते. त्याला सबब हवी असते. आणि देवळातील दानपेटीत टाकलेली नोट म्हणजे बाजारात हृदय बंद ठेवण्याचा परवाना नव्हे.

आता रस्त्यावरील उपदेशाविषयी. संत पौल अथेन्सच्या बाजारात दररोज भेटेल त्याच्याशी वाद करीत असे आणि तेथील विद्वानांनी त्याला बडबड्या ठरवले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. तेराव्या शतकात संत फ्रान्सिस व संत डॉमनिक यांचे अनुयायी चौकात उपदेश करीत आणि भिक्षेवर जगत. आज आपण ज्यांच्या प्रतिमांपुढे मेणबत्त्या लावतो, ते त्या काळचे ‘वाट अडवणारे’च होते! शिवाय सणाच्या दिवशी आपल्या बँडने आणि कर्ण्यांनी सारे गाव दणाणते, तेव्हा शेजाऱ्यांच्या कानांची चिंता आपल्याला कितपत असते?

याचा अर्थ सारेच निमूटपणे ऐकावे, असा नव्हे. धर्मप्रसार करताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मन वळवणीचा वासही येऊ नये, विशेषतः समोरची व्यक्ती गरीब वा अशिक्षित असताना, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणापत्रात बजावले आहे. म्हणून कोणी रुग्णाला औषध टाकून केवळ प्रार्थनेवर विसंबण्यास सांगत असेल, तर तेथे थांबून, ‘हे चूक आहे,’ असे स्पष्ट म्हणणे आपले कर्तव्य आहे. तेथे वाट बदलणे हे सौजन्य नव्हे, भेकडपणा आहे. हा नियम आपल्या स्वतःच्या प्रार्थनासभांनाही लागू आहे, हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्याच जागी गेलो. ती तरुणी नव्हती. ते गृहस्थ होते. पत्रक हाती देत त्यांनी विचारले, “भाऊ, तुम्ही येशूला ओळखता का?” पंचवीसहून अधिक वर्षे वेदीपाशी उभे राहिलेल्या आम्हांला चटकन ‘हो’ म्हणवले नाही. कारण आदल्या संध्याकाळी आम्ही ज्या तरुणीला चुकवले, तिच्या हातातील छायाचित्रांतून आमच्याकडे कोण पाहत होते, हे आम्हांस ठाऊक होते.

यंदा नाताळाच्या खरेदीला जाल, तेव्हा पिशवीबरोबर दोन मिनिटेही घेऊन जा. द्यायचे की नाही, पटले की नाही, ते त्यानंतर ठरवा. आधी थांबा.