नोंदवहीचें सामर्थ्य

शुद्ध वंशाच्या कुत्र्यांची नोंद ठेवणारी केनेल क्लब ही संस्था लंडन येथें १८७३ सालीं स्थापन झाली. शोभेसाठीं कान कापलेल्या कुत्र्यांना तिनें १८९८ पासून प्रदर्शनाचें दार बंद केलें, हें तिला भूषणावह होय. परंतु रूपाच्या हव्यासापायीं चपट्या नाकाच्या जातींना श्वास घेणेंहि जड झालें, त्याकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झालें. २००८ मध्यें बी.बी.सी.च्या माहितीपटानें हे हाल जगापुढें मांडले. तेव्हां कोठें २००९ पासून बाप-लेक, माय-लेक व बहीण-भाऊ यांच्या संबंधांतून झालेल्या पिलांची नोंद बंद झाली. तात्पर्य, अशा संस्थेचें खरें सामर्थ्य पदकें वांटण्यांत नसून नोंद नाकारण्यांत आहे. कुत्रें पाळूं इच्छिणाऱ्या वाचकांनींहि वंशावळीआधीं त्याचा श्वास पाहावा.