वेलेचे तीन अर्थ

संस्कृतात ‘वेला’ असा एक शब्द आहे. अमरकोशात त्याचे अर्थ दिले आहेत ते असे: समुद्राच्या पाण्याची चढउतार, काळ आणि मर्यादा. शाळेत हा शब्द शिकविताना हे तिन्ही अर्थ आम्ही फळ्यावर एकाखाली एक लिहीत असू, आणि मुले ते घोकून टाकीत. परंतु हे तीन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, हे ज्यास खरोखर समजून घ्यावयाचे असेल त्याने कोकणच्या पुळणीवरून पायी चालून पाहावे.

गेल्या माघात वद्य चतुर्थीस आम्ही पाच समवयस्क स्नेही, आणि त्यांपैकी एकाचा महाविद्यालयात शिकणारा नातू, असे सहाजण दापोली तालुक्यातील कर्द्याहून मुरूडमार्गे हर्णैस समुद्राच्या कडेकडेने जावयास निघालो. हा दिवस आम्ही सवडीवरून ठरविला नव्हता, पंचांगावरून ठरविला होता. मुहूर्तासाठी नव्हे, ओहोटीसाठी.

किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा याविषयी एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली आहे त्यांस कागदही लागावयाचा नाही. चार पाऊण तीन. म्हणून चतुर्थीस पूर्ण भरती सुमारे तीन वाजता, दुपारीही आणि पहाटेही. आठ पाऊण सहा. म्हणून अष्टमीस सहा वाजता. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पाणी पुरते ओसरते. हा हिशेब स्थूल आहे, अर्ध्याअधिक तासाचा फरक पडू शकतो. पण त्याच्या मुळाशी शास्त्र आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे, म्हणजे दोन घटिकांहून किंचित अधिक, उशिरा माथ्यावर येतो, आणि समुद्राचे पाणी प्रामुख्याने त्याच्याच ओढीने चढते-उतरते. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्याची ओढही त्याच रेषेत येऊन मिळते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे एकमेकांस आडवे असतात, तो भांग. न्यूटनने १६८७ साली या गोष्टीची उपपत्ती सांगितली. तिथीशी तिची सांगड मात्र होडी हाकणाऱ्यांस अनुभवाने ठाऊकच होती.

तेव्हा चतुर्थीची ओहोटी सकाळी नऊस. आम्ही सातास निघालो. पाणी मागे हटत होते आणि त्याने नुकतीच सोडलेली ओली वाळू पायाखाली फरशीसारखी घट्ट लागत होती. नातवाने प्रथम वरच्या कोरड्या वाळूतून चालण्याची ऐट केली. पाव कोसात त्याच्या पोटऱ्या भरून आल्या आणि तो निमूटपणे आमच्या ओळीत येऊन मिळाला. संकष्टी असल्यामुळे शिदोरीत राजगिऱ्याचे लाडू व खजूर होता. निघण्यापूर्वीच आम्ही दोन गोष्टी ठरविल्या होत्या. जो सर्वांत हळू चालतो त्याने पुढे राहावयाचे. आणि अकरा वाजता आपण जेथे असू तेथून पुळण सोडून सडकेस लागावयाचे.

आमच्या डॉक्टर स्नेह्यांचे गुडघे जुने, म्हणून नेतृत्व त्यांच्याकडे गेले. त्यातच मुरूड हे महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे गाव. तेथे थांबल्यावाचून पुढे जाणे कोणास रुचेना. अण्णांचे बालपण याच वाळूवर गेले. बोलता-बोलता वेळ गेला, आणि अकरा वाजले तेव्हा हर्णै अद्याप बरेच दूर होते. पुढे, जेथे पुळण संपून कातळ लागतो, तेथे एक नाक समुद्रात शिरलेले दिसत होते. त्याच्या पायथ्याशी अजून कोरडी वाट होती. तिच्यापलीकडे सुवर्णदुर्ग डोळ्यांना जणू बोलावीत होता.

येथे वाद उपस्थित झाला. आमच्यापैकी वकिलीत हयात घालविलेले स्नेही म्हणाले, “सतराव्या वर्षी परीक्षेसाठी कर्वे या मुरूडाहून साताऱ्यास ११० मैल पायी गेले, आणि आपणांस हा एवढासा तुकडा जड झाला काय?” नातवाने अर्थातच त्यांची बाजू उचलली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, “आबा, कर्व्यांना परीक्षेची वेळ गाठावयाची होती. आपली वेळ टळून गेली आहे.” पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ते हलल्यासारखेही वाटत नाही. तिसऱ्या व चौथ्या तासात ते सर्वांत झपाट्याने येते. आमचा तिसरा तास नुकताच सुरू होत होता. आम्ही वाळू सोडली. वकीलसाहेब सडकेवर बराच वेळ बोलले नाहीत.

दुपारी तीनच्या सुमारास हर्णैस विश्रांती घेऊन परतताना नातवानेच गाडी थांबवावयास लावली. सकाळच्या त्या कोरड्या वाटेचा मागमूस नव्हता. लाटा थेट कातळावर फुटत होत्या. तो काही बोलला नाही. आजोबाही बोलले नाहीत. आणि ते बरेच झाले.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर (हे जंजिऱ्याचे मुरूड, वरील मुरूड नव्हे) पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तो दिवस पौष वद्य अष्टमीचा, म्हणजे उधाणाचा नव्हे, भांगाचा होता. म्हणून पंचांग पाहिले की काम संपले असे कोणी समजू नये. पाणी केव्हा चढेल हे तिथी सांगेल. तळ कोठे खचला आहे आणि ओढ कोठे आहे हे मात्र त्या गावचा मनुष्यच सांगू शकेल. त्याने ‘येथे उतरू नका’ म्हटले, तर तो आपला हिरमोड करीत नसून आपल्या घरचे माणूस घरी पोचवीत असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत पुष्कळ घरांतील मुले मित्रमंडळींसह कोकणात जातील. त्यांस आडवू नये. समुद्रासारखा गुरू नाही. मात्र निघण्याच्या आदल्या रात्री घरातील वडीलधाऱ्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिका उतरवून मुलांस जवळ बसवावे, तिथी काढावी, पाऊणपट करवून घ्यावी, आणि पाण्यापासून परत फिरण्याची वेळ त्यांच्याच हाताने कागदावर लिहवून घ्यावी. आपण लिहिलेली मर्यादा मोडताना मुलांसही थोडा संकोच वाटतो. याउपरही कोणी म्हणेल की अशाने सहलीची मौज जाते. त्यांस आमचे इतकेच सांगणे आहे, की ओहोटी उद्याही येणार आहे. तिच्या वेळी जावे.