वजन घटवणारी इंजेक्शनं: काटा खाली येतो, पण शरीरातून नेमकं काय कमी होतं?

काही दिवसांपूर्वी एक मुलगा आईला तपासणीसाठी घेऊन आला. आईचं वय साठीच्या पुढे, मधुमेह दहा वर्षांचा. आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करून पाच महिने झाले होते. वजन ८१ किलोवरून ७१ वर आलेलं, साखर आटोक्यात, एक गोळीही बंद झालेली. मुलगा खूश होता. आईची तक्रार मात्र वेगळी होती. "देवापुढे पाटावर बसले की उठवत नाही हो. आधी गुडघे दुखायचे, पण उठायचे मी. आता गुडघे दुखत नाहीत, मांड्यांतच जोर नाही." लोणच्याच्या बरणीचं झाकणही हल्ली सुनेकडून उघडून घ्यावं लागतं, असं त्या सहज बोलून गेल्या.

त्यांचं औषध चुकलेलं नव्हतं. औषधासोबत जे सुरू व्हायला हवं होतं, ते सुरू झालेलं नव्हतं. येत्या काही महिन्यांत हा प्रश्न बऱ्याच घरांत येणार आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

आताच का?

टिर्झेपटाइड हे औषध 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. पाठोपाठ जूनमध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावाने आलं. नोव्हेंबरमध्ये वेगोवीची किंमत बरीच उतरवण्यात आली आणि डिसेंबरमध्ये 'ओझेम्पिक'ही दाखल झालं. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती आणि त्यानंतर आपलं उत्पादन आणण्याची तयारी अनेक भारतीय कंपन्यांनी केली होती. म्हणजे आजवर ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्याही आवाक्यात ही औषधं येतील. यात वाईट काही नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा एकत्र असलेल्या रुग्णांसाठी ही औषधं खरोखर उपयोगी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये अशा रुग्णांसाठी त्यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आणि डिसेंबरमध्ये लठ्ठपणाच्या उपचारातील वापराबद्दल मार्गदर्शक सूचनाही दिल्या. मात्र सूचनांमध्ये औषधाच्या जोडीला आहार आणि व्यायामाचं नियोजनबद्ध मार्गदर्शन हवं, असंही सांगितलं आहे. आपल्याकडे नेमका हाच भाग गळून पडतो.

वजन म्हणजे एकच गोष्ट नाही

काट्यावर दिसणाऱ्या आकड्यात चरबी असते, स्नायू असतात, हाडं असतात आणि भरपूर पाणी असतं. वजन घटतं तेव्हा ते फक्त चरबीतून घटत नाही, मग ते उपासाने घटो, डाएटने, शस्त्रक्रियेने किंवा इंजेक्शनने.

सेमाग्लुटाइडच्या 'स्टेप १' या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं. त्यातल्या १४० जणांचं शरीर डेक्सा नावाच्या तपासणीने मोजलं गेलं. घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नसून 'लीन मास'चा होता, म्हणजे स्नायू, पाणी आणि इतर अवयव मिळून होणाऱ्या भागाचा. टिर्झेपटाइडच्या अशाच अभ्यासात हा वाटा साधारण २५ टक्के होता.

हे आकडे समाजमाध्यमांवर "इंजेक्शन स्नायू खातं" अशा मथळ्यांनी फिरतात. तसं म्हणणं बरोबर नाही. पहिली गोष्ट, लीन मास म्हणजे निव्वळ स्नायू नव्हेत. दुसरी, जड माणसाच्या पायात त्याचं वजन पेलायला जास्त स्नायू असतात आणि वजन उतरल्यावर त्यातले काही कमी होणं स्वाभाविक आहे. तिसरी, त्याच अभ्यासात चरबी त्याहून जास्त घटल्यामुळे एकूण वजनात लीन मासचं प्रमाण थोडं वाढलंच होतं. पस्तिशीतल्या धडधाकट माणसाला हा सौदा बहुतेक वेळा फायद्याचा ठरतो. पण ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच कमी आहे, त्याचं काय? आणि अशी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत.

पुण्याहून जगाला कळलेली गोष्ट

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र प्रसिद्ध झालं. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजनावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीयुक्त, अशी ही भारतीय ठेवण.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचाही अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण पाठीच्या त्वचेखालची चरबी मात्र तुलनेने टिकून होती. म्हणजे स्नायू कमी आणि चरबी जास्त, हा हिशेब आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत आईच्या पोटातच सुरू होतो. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा. पाश्चात्त्य देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्याच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ आयोगाने लठ्ठपणाचं निदान केवळ बीएमआयवर करू नये, असं स्पष्ट सांगितलं. कमरेचा घेर किंवा चरबीचं प्रत्यक्ष मोजमाप सोबत हवं, आणि त्या चरबीमुळे एखाद्या अवयवाचं काम किंवा रोजचं जगणं बिघडलं आहे का, हेही पाहायला हवं. तुमच्या घरी टेप असेल तर यातलं पहिलं काम आजच होईल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर गेला की पोटातली चरबी जास्त आहे असं समजावं. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पँट पोटाखाली बांधणाऱ्यांची त्यात मोठी फसवणूक होते.

चरबीची टक्केवारी दाखवणारे वजनकाटे हल्ली घरोघरी आले आहेत. ते पायातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात, आणि तुम्ही किती पाणी प्यायला आहात यावर तो अंदाज हलतो. वापरायचाच असेल तर रोज सकाळी एकाच वेळी वापरा आणि एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

सरकार काय कमी करायला सांगतं, आणि काय राहून जातं

फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं. मग शाळांमध्ये साखरेची माहिती देणारे फलक आले, कार्यालयांमध्ये तेल-साखरेचे फलक लावायची सूचना आली आणि समोसा-जिलेबीवर इशारा छापणार अशी अफवाही उठली, जी सरकारला खोडून काढावी लागली. हे सगळं योग्यच आहे, पण सगळा भर वजाबाकीवर आहे. ताटात काय वाढवायचं, शरीरात काय टिकवायचं, हे कुठल्या फलकावर दिसत नाही. सप्टेंबरमधल्या जीएसटी बदलांत पाकीटबंद पनीरवरचा कर गेला आणि जिमवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही त्यातल्या त्यात बेरजेची बातमी. माझ्या बहुतेक रुग्णांच्या घरात मात्र पनीर आठवड्यातून एकदा येतं आणि जिममध्ये कोणीच जात नाही. त्यांच्यासाठी उपाय स्वयंपाकघरात आणि खुर्चीवरच शोधावा लागतो.

ताटाचा हिशेब

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६५ किलोच्या माणसाला साधारण ५४ ग्रॅम. वजन उतरत असताना आणि उतारवयात आम्ही सहसा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतो.

आता नेहमीचा दिवस पाहू. सकाळी चहा आणि पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री मुगाची खिचडी. सगळ्याची बेरीज केली तर प्रथिनं पस्तीस ते चाळीस ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे पोटभर जेवूनही कमीच. इंजेक्शन सुरू झालं की भूक मरते, चार घासांत पोट भरतं. जेवण निम्मं झालं की प्रथिनंही निम्मी, जेमतेम वीस ग्रॅम. त्या आईंच्या बाबतीत हेच झालं होतं. त्या दिवसभरात एक पोळी, थोडी भाजी, ताक आणि राजगिऱ्याचे लाडू यांवर होत्या. घरचे त्याला "पथ्य छान पाळते" म्हणत होते.

शरीराला बाहेरून प्रथिनं मिळाली नाहीत आणि स्नायूंना काम नसलं, तर ते स्नायूच मोडून गरज भागवतं.

म्हणून भूक कमी असताना ताटात आधी डाळ, उसळ, अंडं, मासा किंवा दही संपवायचं आणि पोळी-भात नंतर. वरण पातळ नको, घट्ट हवं. वाटीभर मटकी किंवा चवळीच्या उसळीतून सात ग्रॅम मिळतात (कोरडं कडधान्य ३० ग्रॅम धरून), दोन अंड्यांतून बारा, पिठल्याच्या एका वाटीतून आठ-नऊ, ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून पंधरा, शंभर ग्रॅम माशातून वीसच्या आसपास. मूठभर फुटाणे किंवा दाणे सहा-सात ग्रॅम देतात. मोड आणल्याने पचायला सोपं जातं, पण प्रथिनं वाढत नाहीत, हा एक जुना गैरसमज आहे. प्रोटीन पावडर बहुतेकांना लागत नाही. २०२४ च्या राष्ट्रीय आहारसूचनांनीही ती टाळायला सांगितलं आहे. उलट्या-मळमळीमुळे अन्नच जात नसेल तर काही आठवडे आम्ही ती देतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. किडनीचा आजार असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो. अशा रुग्णांनी स्वतःहून प्रथिनं वाढवू नयेत.

चालणं पुरेसं नाही

"मी रोज पाऊण तास चालतो" हे वाक्य ऐकून आम्हाला आनंदच होतो. हृदयासाठी, साखरेसाठी चालणं उत्तम. पण सपाट रस्त्यावरच्या चालण्याने स्नायू वाढत नाहीत. त्यांना नेहमीपेक्षा थोडं जास्त ओझं द्यावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामासोबत किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते. हे दुसरं वाक्य सहसा कोणी ऐकत नाही.

घरातली एक साधी चाचणी करून पाहा. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा, मोबाइलवर वेळ लावा. आशियाई तज्ज्ञगटाच्या निकषानुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पायांची ताकद कमी असण्याची शक्यता आहे. वयस्कर माणसाजवळ कोणीतरी उभं राहावं. त्या आईंना १९ सेकंद लागले होते.

उपचारही त्याच खुर्चीत आहे. दहा वेळा उठ-बस, थोडी विश्रांती, असं दोनदा. जमेल तसं वाढवत न्यायचं. भिंतीवर हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या उचलणं, ओट्याला धरून टाचा वर करणं. एक दिवसाआड वीस मिनिटं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. अगदी सहज झालं तर ओझं कमी पडतंय. गुडघेदुखी, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर आधी तपासून घ्या.

हे सगळं इंजेक्शन थांबवल्यानंतरसाठीही महत्त्वाचं आहे. 'स्टेप १'मधल्या लोकांचं औषध बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. परत येणाऱ्या वजनात सहसा चरबीच जास्त असते. म्हणजे स्नायू न राखता वजन उतरवलं आणि पुन्हा चढलं, तर माणूस त्याच वजनाला आधीपेक्षा अशक्त असू शकतो.

औषध सुरू करण्याआधी

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ओळखीच्या दुकानातून किंवा इंटरनेटवरून हे इंजेक्शन घेऊ नका. लग्नाआधी पाच किलो उतरवण्यासाठी तर नकोच. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, स्वतःला स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा बाळाचा विचार असेल, तर ते आधी सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तिचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर खाली जाते. सुरू करताना वजनासोबत कमरेचा घेर आणि खुर्चीची वेळ वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला तिन्ही आकडे डॉक्टरांना दाखवा. वजन उतरतंय पण खुर्चीची वेळ वाढतेय, तर डोस आणि आहार दोन्हीचा पुन्हा विचार करायला हवा.

पोटात तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल, उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली असेल तर पुढच्या डोसची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि मोतीबिंदू असो वा दुसरं कुठलं ऑपरेशन, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आवर्जून सांगा. या औषधाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे रात्रीपासून उपाशी राहिलं तरी पोटात अन्न शिल्लक असू शकतं.