रिंगोला नावे ठेवणाऱ्यांस

गाण्यातले आपल्याला काही कळत नाही असे कबूल करणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे बीटल्समधला रिंगो स्टार हा अगदीच सुमार ड्रमर होता, हे मत मला आजवर अशा अशा लोकांनी ऐकवले आहे, की ज्यांना गणपतीच्या आरतीला झांजसुद्धा ठेक्यात वाजवता येत नाही.

यांचा हिशेब सोपा. लिव्हरपूलची चार पोरं. जॉन लेनन बुद्धिमान, पॉल मॅकार्टनी देखणा, जॉर्ज हॅरिसन अबोल आणि आध्यात्मिक. राहिला कोण, तर मागे बसून मान हलवणारा तो मोठ्या नाकाचा. त्याचं काय एवढं! मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि रिंगोचा भक्त आहे. या तिन्ही नात्यांनी मला या हिशेबावर हरकत घ्यायची आहे.

विरोधकांचा हुकमाचा एक्का म्हणजे एक विनोद. रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे काय, असे विचारल्यावर लेनन म्हणे म्हणाला, की तो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम नाही. हे सांगून माणसे अशी हसतात, की जणू लेननने त्यांना घरी चहाला बोलावून सांगितले. लेनन असे बोलल्याचा पुरावा कुणालाच सापडलेला नाही. बीटल्सचा इतिहासकार मार्क लुइसन याने या वाक्याचा माग काढला, तो १९८१ सालच्या बीबीसी रेडिओवरील एका विनोदी कार्यक्रमापाशी जाऊन थांबला. आणि लेननचा खून झाला डिसेंबर १९८० मध्ये! म्हणजे खातेदार वारल्यावर त्याच्या नावाने चेक वटवण्याचा हा प्रकार. आमच्या काउंटरवर कुणी असला चेक आणला तर आम्ही त्याला हसत नाही, बसवून ठेवतो.

आता जमेची बाजू पाहा. १९४० चा जन्म. लहानपणी आधी पोटाचे दुखणे, मग क्षय. शाळेपेक्षा इस्पितळातच जास्त हजेरी. तिथल्या आजारी मुलांच्या वाद्यवृंदात पोराच्या हाती प्रथम ढोल आला. मूळचा डावखुरा, पण आजीने उजव्या हाताने लिहायला लावले. पुढे उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेले ड्रम तो डावखुऱ्या वळणाने वाजवू लागला, त्यामुळे त्याचे तुकडे असे काही वेगळे पडतात, की नक्कल करणाऱ्यांची भंबेरी उडते. ऑगस्ट १९६२ मध्ये तो बीटल्समध्ये आला. त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या मूळ टेप याच लुइसनने ऐकल्या, तर रिंगो चुकला म्हणून थांबवावे लागलेले गाणे त्याला क्वचितच सापडले. इतकी वर्षे रोज संध्याकाळी रोकड जुळते आहे, एवढाच याचा अर्थ. पण रोकड जुळली म्हणून कधी कुणी टाळी वाजवली आहे?

आणि एकट्याने वाजवून दाखवायची हौस म्हणाल, तर ती त्याला नव्हतीच. बीटल्सच्या सगळ्या कारकिर्दीत त्याचे एकट्याचे वादन एकच, १९६९ च्या ‘ॲबी रोड’मधल्या ‘द एंड’ या गाण्यात. तेही आग्रहाखातर, आणि पंधरा-वीस सेकंदांत आटोपलेले. आपल्याकडे गवई ताना घेत घेत कुठल्या कुठे जातो. परत येतो तेव्हा सम जागेवर सापडते, कारण तबलजी ती राखत बसलेला असतो. वाहवा मात्र गवयाला.

म्हणून रिंगोला न्याय मिळवून देण्याचे काम मी दिवास्वप्नांत हाती घेतले आहे. त्यातले पहिले ऋषिकेशचे. फेब्रुवारी १९६८ मध्ये बीटल्स महर्षी महेश योग्यांच्या आश्रमात आले. रिंगोचे पोट नाजूक, म्हणून त्याने सोबत बेक्ड बीन्स आणल्या होत्या. दहाएक दिवसांत तो परतलाही. त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. पण दिवास्वप्नाला जन्मदाखला लागत नाही. मी आश्रमात पोचतो, मऊ भात टाकतो, वर तूप नि मेतकूट. रिंगो म्हणतो, “अजून थोडा वाढा.” मग महर्षी डोळे मिटायला सांगतात, आणि भाताने सुस्तावलेला रिंगो बाकीच्या तिघांच्या आधी समाधी गाठतो. घोरण्याचा ठेकासुद्धा पक्का!

दुसरे स्वप्न एकतीस मार्चचे. शाखेत गोंधळ, साहेब ओरडताहेत, आणि शेजारच्या काउंटरवर बदली कारकून म्हणून रिंगो. तो बोलत नाही. नुसता शिक्का मारत राहतो. धप्, धप्, धप्. हळूहळू सगळ्यांचे शिक्के त्या लयीत पडू लागतात. रात्री नऊला पै न् पै जुळते. साहेब शाखेच्या वतीने सत्कार करतात, तो साहेबांचाच.

हे स्वप्न झाले. प्रत्यक्षात ऑगस्ट १९६८ मध्ये रिंगो खरोखरच उठून गेला. आपले वाजवणे बरे होत नाही, आपण यांच्यात परके आहोत, असे त्याच्या मनाने घेतले. ते तिघे प्रतिभावान काही दिवस आपापल्या परीने ड्रम बडवून पाहत होते. दोनेक आठवड्यांनी तो परतला, तेव्हा त्याचे ड्रम फुलांनी सजवलेले होते. लोक ही गोष्ट गहिवरून सांगतात. मी विचारतो, फुले आधी का नाही आणलीत? मागे बसणारा उठून गेल्याशिवाय त्याची किंमत कळू नये, हा कुठला न्याय? घराघरांत, कचेऱ्याकचेऱ्यांत अशी माणसे आहेत, आणि सगळीच काही उठून जाऊ शकत नाहीत. गेली, तरी परत आल्यावर टेबलावर फुले नसतात. तुंबलेली व्हाउचरे असतात.

सरकारदरबारी तरी काय वेगळे? मॅकार्टनीला ‘सर’ केले १९९७ मध्ये, रिंगोला २०१८ मध्ये. एकाच शाखेतले दोघे, आणि बढतीत एकवीस वर्षांचे अंतर! आमच्या युनियनने एवढ्यात चार वेळा घेराव घातला असता.

तेव्हा नावे ठेवण्याआधी एवढे करा. १९६६ चे ‘रेन’ लावा. स्वतः रिंगो जे आपले सर्वांत चांगले वादन मानतो, ते हे. गाणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, ते आपले लक्ष वेधायला समर्थ आहेत. नुसते मागचे ऐका. आणि तरीही मत बदलले नाही, तर माझे काही म्हणणे नाही. पुढच्या आरतीला फक्त ती झांज दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्या.